सगळ्यांच्या मागे वन्सं

आमच्या वन्सं मागून कशा दिसतात, चालताना पाऊल कसं टाकतात, हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. हे मला त्या रविवारी कळलं, आणि तेव्हा मी जी हादरले ती अजून ठिकाणावर आलेली नाही. एका घरात राहायचं, एका बेसिनवर दात घासायचे, दर रविवारी एकाच गटातून अख्खं शहर तुडवायचं, आणि तरी एवढी मोठी गोष्ट नजरेला पडू नये! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरीच काय, माणसं इतकी आंधळी असतात होय? असतात. मी सांगते ना.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नोकरी सिनेमाच्या थिएटरात, हातात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायची. मंडईजवळच्या त्या जुन्या थिएटरात पोरसवदा वयात शिरल्या त्या केस पांढरे होईपर्यंत. सिनेमा मात्र धड एकही पाहिलेला नाही. सगळ्या सिनेमांचे शेवट तोंडपाठ, कारण शेवटाला आत येऊन दाराशी उभं राहावं लागायचं. सुरुवात विचारली की म्हणायच्या, कोण जाणे, शेवटी रडत होते एवढं खरं.

त्यांचं खरं काम शो सुटल्यावर सुरू व्हायचं. लोक बाहेर पडले की वन्सं एकेका रांगेतून बॅटरी मारत जायच्या, खुर्च्यांखाली वाकून बघायच्या. छत्र्या सापडायच्या, हातमोजे सापडायचे, एकदा तर चक्क दातांची कवळी सापडली. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ तोंडावर रुमाल धरून खिडकीशी आले तेव्हा वन्संनी काही न विचारता ती पुडी पुढे केली. आणि एकदा दोन रांगांच्या मध्ये झोपलेली एक छोटी मुलगी सापडली. आईला वाटलं बापाजवळ आहे, बापाला वाटलं आईजवळ. त्या दिवसापासून वन्संनी एकही रांग सोडली नाही. सगळं बघून झालं की वर यंत्राच्या खोलीतला ऑपरेटर खिडकीतून ओरडायचा, "मागे कुणी राहिलं?" आणि वन्सं दारातून उत्तर द्यायच्या, "मी शेवटची." मग दिवे जायचे.

लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, शो सुटला की बघू. शो सुटलाच नाही, थिएटर बंद पडलं. आता तिथे सोफ्यांचं दुकान आहे. वन्सं एक ट्रंक आणि ती बॅटरी घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या.

आता माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मला कुठेही आधी पोचायचं असतं, मग तिथे काही असो नसो. बसच्या रांगेत माझा पाय पुढच्याच्या टाचेवर. आणि घरात आल्या या. आंघोळीला शेवटी, जेवायला शेवटी, घरातून बाहेर पडताना शेवटी. मी कुलूप हातात घेऊन उभी आणि या आत गॅस बघतायत, नळ बघतायत, पलंगाखाली बघतायत. पलंगाखाली कोण असणार? मी चिडून म्हणायची, वन्सं, इथे शो सुटलेला नाही. त्या हसायच्या आणि जिन्याशी आल्या की हाताने खूण करायच्या, चल, तू हो पुढे. मी तणतणत तीन मजले उतरून खाली पोचलेली असायची तेव्हा त्या दुसऱ्यावर असायच्या. नणंद-भावजयीची भांडणं लोक हौसेने ऐकतात, पण आमचं भांडण हे एवढंच. कोण आधी आणि कोण मागे.

रविवारच्या चालण्याला त्यांना मीच नेलं. आमच्या गटाचा पुढारी म्हणजे 'इंजिन'. आगीच्या बंबावरचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या पुढे कुणी चाललेलं त्यांना खपत नाही. नोकरीत या शहरातल्या गल्ल्या पाठ झालेल्या, आता बागा आणि नदीकाठ पाठ करणं चालू होतं. दर रविवारी नवीन रस्ता. एका बागेच्या मागच्या फाटकातून निघायचं, मोठं मैदान आडवं कापायचं, कालव्याच्या कडेने जायचं, लोखंडी पूल ओलांडायचा आणि नदीकाठाने कुठेतरी चहाच्या टपरीशी बाहेर पडायचं. मोटारीचा रस्ता शक्यतो लागू द्यायचा नाही, ही त्यांची ऐट. पूर्ण रस्ता फक्त त्यांच्या डोक्यात. आम्ही बाकीचे आपले मागोमाग.

पण बागेत वाटेला फाटे किती फुटतात! आणि माणसं म्हटली की कुणी फुलं बघत रेंगाळतं, कुणी ओळखीचं भेटलं म्हणून थांबतं. म्हणून इंजिनांनी पद्धत ठरवली होती. वाटेला फाटा आला की त्यांच्या पाठोपाठ जो कुणी असेल त्याला तिथे उभं करायचं. त्याने हात लांब करून मागच्यांना दिशा दाखवायची. सगळे जाईपर्यंत हलायचं नाही. आणि सगळे गेले हे कळणार कसं? तर गटातला शेवटचा माणूस, म्हणजे शेपूट, येऊन त्याच्या खांद्याला हात लावेल आणि म्हणेल, "चला पुढे." तोवर आकाश कोसळलं तरी जागा सोडायची नाही. दुसरा नियम, मागे वळून पाहायचं नाही. वळून पाहिलं की पाय मंदावतात, असं इंजिनांचं म्हणणं. मागचं बघायला शेपूट आहे. आणि तिसरा नियम, जो हळू चालतो त्याने इंजिनांच्या अगदी मागे चालायचं, म्हणजे सगळे त्याच्या वेगाने चालतात आणि कुणी तुटत नाही.

वन्सं पहिल्याच रविवारी आपोआप मागे गेल्या. शेवटी टपरीशी पोचल्यावर इंजिनांनी घाम पुसत विचारलं, "मागे कुणी राहिलं?" आणि वन्संच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मी शेवटची." इंजिन खूश. शेपूट म्हणून त्यांची नेमणूक झाली ती कायमची. त्यानंतर हा प्रश्न आणि हे उत्तर झाल्याशिवाय चहाला कुणी हात लावायचा नाही. घरी शेवटच्या राहिल्या म्हणून मी ज्यांच्यावर खेकसायची, त्याच वन्संचा रविवारी केवढा मान! बाई खुलल्या. शनिवारीच बूट पुसून दाराशी ठेवायच्या.

त्या रविवारी हवा छान कोरडी होती. जुन्या बागेतून निघालो. मैदानाच्या कोपऱ्यावरच्या फाट्याला बेकरीवाल्याला उभं केलं. लोखंडी पुलाच्या अलीकडे वाट दोन ठिकाणी जाते, तिथे दातांच्या डॉक्टरांना. आणि पूल उतरून बरंच पुढे, नदीकाठची वाट जिथे फुटते, एक वर मोटाररस्त्याच्या फाटकाकडे आणि एक खाली लव्हाळ्यातून, तिथे मी. इंजिनांच्या पाठोपाठ चालण्याची ही शिक्षा. मी म्हटलं, मलाच का दर वेळी? ते म्हणाले, मग मागे चाला की. आणि गेले.

मी हात लांब करून उभी. माणसं येत होती, माझ्या हाताकडे बघून खालच्या वाटेने जात होती. बेकरीवाला आला, म्हणजे त्याची सुटका झाली होती. मग डॉक्टर आले. मी विचारलं, वन्सं कुठायत? डॉक्टर म्हणाले, आल्याच, पुलाच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधतायत, मी थांबतो म्हटलं तर मलाच पिटाळलं. ते गेले.

मग कुणीच आलं नाही.

आधी मला राग आला. एक नाडी बांधायला किती वेळ लागतो? पुढे सगळे टपरीवर बसलेले, चहा निवतोय, माझा हात भरून आलाय, आणि या तिथे बसून बहुतेक बदकं बघतायत. आल्या की काय काय ऐकवायचं ते मी मनात जुळवून ठेवलं. एक कुत्रावाला गृहस्थ माझ्या हाताकडे बघून विनाकारण खालच्या वाटेने गेला. फोन करावा तर वन्संचा फोन घरी, फळीवर. बागेत फोन कशाला, तुम्ही सगळे पुढे दिसताच की, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आणि मग एकाएकी मला कळलं की या शहरात वन्सं आल्या नाहीत हे आत्ता फक्त मला माहीत आहे. पुढच्यांना वाटतंय मी वन्संबरोबर येतेय. त्यांच्या मागे तर कुणी नाहीच. शेपटाच्या मागे कोण असणार? इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

गटातल्या कुणीही कधी जागा सोडली नव्हती. मी सोडली. गळ्यातला स्कार्फ काढून खालच्या वाटेच्या कठड्याला बांधला आणि पळत सुटले.

वन्सं पायरीवर बसल्या होत्या. लांबून बघून माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच सगळी चीडही परत आली. जवळ जाऊन तोंड उघडणार तोच त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळली होती. उजव्या हातात नाडीचं एक टोक, दुसरं टोक तसंच लोंबतंय. डावा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला. त्या काहीतरी बोलल्या, पण ते शब्द नव्हते.

मी समोर बसले. त्यांनी नाडी सोडली, उजवा हात उचलला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. शब्द आले नाहीत, पण ते काय होतं हे मला कळणार नाही का? मला म्हणत होत्या, चल पुढे.

"नाही जात," मी म्हटलं. "आज नाही जात मी पुढे."

इंजिनांना फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही. अँब्युलन्सला लावला तर पलीकडचा माणूस विचारतो, कुठलं फाटक, कुठली वाट, गाडी आत येते का? गाडी आत येत नाही, वाटेवर लोखंडी खांब आहेत. वरच्या फाटकापासून पुलापर्यंत आत-बाहेर फाटेच फाटे, नवीन माणूस हमखास चुकणार. मी ते सांगायला गेले तर मलाच डावं-उजवं सुधरेना.

पण इंजिनांनी आयुष्यात पहिल्यांदा सगळा गट उलटा फिरवला होता. वरच्या फाटकापासून थेट पुलापर्यंत प्रत्येक फाट्यावर त्यांनी एकेक माणूस उभा केला. स्ट्रेचर घेऊन दोघं जण धावत आले ते कुणालाही काही न विचारता, हाताहातांकडे बघत, सरळ आमच्यापुढे. त्यातला एक म्हणाला, इतक्या लवकर आम्ही कधी पोचत नाही. त्या बोलण्याचा मी किती आधार घेतला! मला वाटलं, झालं, वाचल्या.

वन्संना उचललं. माणसं स्ट्रेचर घेऊन पुढे आणि मी मागे. जाताना दातांचे डॉक्टर उभे दिसले, हात लांब केलेला. स्ट्रेचर गेलं, मी गेले, तरी हलेनात. त्यांचे डोळे वन्संकडे लागले होते. वन्संचे डोळे मिटलेले, हात चादरीखाली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की ही माणसं खांद्यावरच्या हाताची वाट बघतायत. मी डॉक्टरांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, चला पुढे. पुढच्या फाट्यावर बेकरीवाला, तो लहान मुलासारखा रडत होता. त्यालाही म्हटलं. सगळ्यांना म्हटलं. फाटकाच्या तोंडाशी उभं करायला माणूस उरला नव्हता म्हणून तिथे स्वतः इंजिन उभे होते. पण तोवर गाडीतले लोक माझ्यावर ओरडत होते, बाई, बसा लवकर. मी आत उडी मारली आणि दार लागलं.

हॉस्पिटलात हे आले, म्हणजे माझे यजमान. दुकानातून तसेच, गळ्यात माप घ्यायची टेप. दोघं बाकावर बसलो. नर्सने एका पिशवीत वन्संच्या वस्तू आणून दिल्या. स्वेटर, चष्मा, बूट. मग आतून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "या पाय कधीपासून ओढतायत?"

मी म्हटलं, पाय? कुठला पाय? अहो, त्या दर रविवारी अर्धं शहर चालतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धांगाचा हा पहिला झटका नसावा, आधी छोटे येऊन गेले असणार, बूट बघा.

मी बूट बाहेर काढला. डाव्या बुटाचं पुढचं टोक झिजून पार आरपार गेलं होतं. असं एका दिवसात झिजत नाही, महिने लागतात. आतल्या मोज्यालाही तिथेच भोक, त्याच रंगाच्या दोऱ्याने रफू केलेलं, परत फाटलेलं, परत रफू केलेलं. आणि बुटाच्या फाटक्या कडेवर काळं पॉलिश फासलेलं, लांबून दिसू नये म्हणून. शनिवारी संध्याकाळी दाराशी बसून बाई बूट पुसतात असं आम्ही समजत होतो.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी. घरातल्या दोन खोल्यांत माणूस चालत कुठे असतं, भिंत, टेबल, खुर्ची धरत नुसतं सरकतं. जिन्यावर मला पुढे घालायच्या. बागेत तर सगळे पुढे, आणि मागे वळायचं नाही. फाट्यावर उभ्या राहिलेल्याला त्या समोरून येताना दिसायच्या, हसत, हात हलवत. कुणाची नजर पायाकडे जाणार? आणि कळलं असतं तर काय झालं असतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. नियमच होता. हळू चालणाऱ्याने इंजिनांच्या मागे यायचं. आम्ही त्यांना मायेने पुढे आणलं असतं आणि शेपूट दुसऱ्या कुणाला केलं असतं.

मला त्या बुटाचा इतका संताप आला की तो भिंतीवर फेकावासा वाटला. यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग किती तरी वेळ ते त्या झिजलेल्या टोकावरून अंगठा फिरवत बसले. शिंप्याचा हात आहे, फाटलेलं दिसलं की तिकडेच जातो.

दुपार कलताना डॉक्टरीणबाई पुन्हा बाहेर आल्या. आमच्या शेजारी बसल्या, तेव्हाच मी समजले, वन्सं गेल्या.

यांना मी तिथेच बसवलं आणि सह्या-बिह्या कुठे करायच्या ते बघायला उठले, तर फोन वाजला. इंजिनांच्या बायकोचा. घाबरलेला आवाज. म्हणाल्या, हे अजून घरी आले नाहीत, फोन उचलत नाहीत, तुमच्याकडे आलेत का? मी म्हटलं नाही. आणि तोंडातून 'नाही' निघता निघता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्यांच्या खांद्याला हात लावला होता मी. एक सोडून.

नदीकाठच्या वरच्या फाटकाशी मी रिक्षातून उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. इंजिन सकाळी होते तिथेच उभे होते. हात आता लांब नव्हता, कमरेशी आला होता, पण बोटं अजून आतल्या वाटेकडेच होती. संध्याकाळी फिरायला आलेले लोक त्यांना वळसा घालून जात होते. दातांच्या डॉक्टरांनी सकाळीच, निघताना, दोनदा बरोबर न्यायचा प्रयत्न केला होता म्हणे. त्यांना म्हणाले, शेपूट यायचंय अजून.

मला बघितलं आणि त्यांनी माझ्या चेहऱ्यावरचं वाचलं. आयुष्यभर सगळ्यांच्या पुढे धावलेला तो दणकट माणूस, खालचा ओठ दातात धरून उभा. मी जवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "चला पुढे."

ते हलले नाहीत. समोर बघतच त्यांनी विचारलं, "मागे कुणी राहिलं?"

मी मागे वळून पाहिलं. नजर पोचेल तिथवर वाट मोकळी होती, दिव्यांखाली कुणी नव्हतं. लव्हाळ्याच्या बाजूच्या कठड्याला माझा स्कार्फ अजून बांधलेला दिसत होता.

"मी शेवटची," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी हात खाली सोडला आणि निघाले. मी त्यांच्या मागून चालले, त्यांच्या घराच्या दारापर्यंत, आणि सगळी वाटभर त्यांच्या पायांकडे बघत राहिले.